इंग्लंडातील पॅरिश चर्च : एका गावाची वास्तू

एखाद्या गावाचा इतिहास शोधू गेले असता कागदपत्रे फार थोडी हाती लागतात. सनदा जीर्ण होतात, दप्तरे वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडतात आणि वृद्धांच्या आठवणी त्यांच्याबरोबरच निघून जातात. गावातील सर्वांत जुनी इमारत मात्र ऊनपाऊस सोशीत मुकाट्याने उभी असते. तिचे खांब, कमानी, दारे, खिडक्या आणि भिंतींतील सांधे यांत गावाच्या सुखदुःखाची नोंद झालेली असते. ती नोंद वाचावी कशी, हे समजून घेण्यासाठी आम्ही या लेखात इंग्लंडातील मध्ययुगीन पॅरिश चर्चची रचना विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

हुलसूरच्या विद्यार्थ्याने सातासमुद्रापलीकडील गावच्या चर्चचा अभ्यास कशासाठी करावा, अशी शंका कोणी घेईल. तिला आमचे उत्तर असे. इंग्रजीच्या तासाला 'चर्च', 'पॅरिश', 'स्टीपल' हे शब्द वारंवार येतात. त्यांचा अर्थ शब्दकोशात मिळतो, परंतु त्यांचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहत नाही. दुसरे असे की, इंग्रजांनी आपल्या या गावोगावच्या इमारतींचा गेली दोनशे वर्षे दगडन् दगड तपासून अभ्यास केला आहे. त्या अभ्यासाची पद्धत आपणांस उचलता आली, तर आपल्या परिसरातील जुन्या वास्तूही आपल्याशी बोलू लागतील. हा लाभ लहान नव्हे.

प्रथम 'पॅरिश' म्हणजे काय ते पाहू. एका धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली असलेला गावाचा किंवा गावांचा टापू म्हणजे पॅरिश. आमच्या कोकणी भाषेत यालाच 'फिर्गज' म्हणतात आणि चर्चला 'इगर्ज' म्हणतात. हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आले. बिशपचे पीठ ज्या चर्चमध्ये असते ते 'कॅथीड्रल'. ते राजेरजवाड्यांच्या व मोठ्या धर्माधिकाऱ्यांच्या वैभवाने उभे राहते. पॅरिश चर्च मात्र गावाचे. नामकरण, विवाह आणि अंत्यसंस्कार या मनुष्यजीवनातील तिन्ही प्रसंगी गावकरी तेथे येत, आणि शेवटी त्याच्याच आवारात मातीआड होत.

आता आपण अशा एका चर्चमध्ये कल्पनेने प्रवेश करू. चर्चची लांबी बहुधा पूर्वपश्चिम असते आणि वेदी पूर्वेस असते. पश्चिमेच्या टोकाला बहुधा मनोरा असून त्यात घंटा टांगलेल्या असतात. मनोऱ्यावर निमुळता होत गेलेला शंकू असेल, तर त्यास 'स्पायर' म्हणतात. मनोरा आणि स्पायर मिळून 'स्टीपल'. प्रवेश बहुधा दक्षिण बाजूच्या एका लहानशा देवडीतून होतो. ही देवडी केवळ पावसापासून आसरा देण्यासाठी नव्हती. मध्ययुगात विवाहविधीचा आरंभ येथे, दाराशी होत असे आणि देण्याघेण्याचे करारमदारही येथेच होत. आत शिरताच दाराजवळ बाप्तिस्म्याचे दगडी कुंड दिसते. बाप्तिस्मा हा धर्मात प्रवेश करण्याचा विधी. म्हणून त्याचे कुंडही प्रवेशद्वारापाशी. स्थान आणि अर्थ यांची सांगड अशी घातलेली असते.

त्यापुढे लोकांनी जमण्याचा लांबट दिवाणखाना लागतो. त्याचे नाव 'नेव्ह'. हा शब्द नौका या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला, असे सामान्यतः सांगतात. नेव्हच्या पूर्वेस, एका मोठ्या कमानीपलीकडे, वेदीचा भाग असतो, तो 'चॅन्सेल'. दोहोंच्या मध्ये कोरीव लाकडी जाळीचा पडदा असे. आपल्या देवळाशी तुलना केली तर गोष्ट सहज ध्यानात येईल. मुखमंडपाच्या जागी देवडी, सभामंडपाच्या जागी नेव्ह आणि गर्भगृहाच्या जागी चॅन्सेल. साम्य आहे, पण भेदही तितकाच महत्त्वाचा आहे. देवळात भक्त एकेकटा येतो, दर्शन घेतो, प्रदक्षिणा घालतो आणि जातो; म्हणून गर्भगृह लहान व काळोखे चालते. चर्चमधील उपासना सामुदायिक. सर्वांनी एकाच वेळी जमावयाचे, म्हणून मोठी बंदिस्त जागा लागते. शिवाय इंग्लंडचे आकाश वर्षातील पुष्कळ दिवस ढगाळ, म्हणून मोठ्या खिडक्या. आणि पाऊस व बर्फ घसरून जावे म्हणून उतरती छपरे. आमच्या कोकणपट्टीतही पावसापायीच छपरे उतरती असतात. तुमच्याकडे पाऊस बेताचा, म्हणून माळवदे चालतात. वास्तूचा आकार असा गरजेतून आणि हवामानातून जन्म घेतो.

या दोन भागांसंबंधी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. चॅन्सेलची डागडुजी ही तेथील मुख्य धर्मोपदेशकाची जबाबदारी असे, तर नेव्हची डागडुजी गावकऱ्यांची. त्यासाठी गावकरी आपल्यातून 'चर्चवॉर्डन' म्हणजे कारभारी नेमीत. छपरासाठी शिसे, घंटेसाठी दोर, दिव्यांसाठी मेण अशा खर्चाच्या त्यांनी लिहिलेल्या वह्या अनेक गावांत आजही जतन केलेल्या आहेत. पैसा जमविण्यासाठी गावजेवणासारखे समारंभ होत. गोव्यातही चर्चच्या मालमत्तेचा कारभार पाहणारी 'फाब्रिका' नावाची मंडळी असते. इमारत आपली आहे आणि तिचे छप्पर गळले तर आपणच ते नीट केले पाहिजे, ही जाणीव या व्यवस्थेच्या मुळाशी होती. चारपाच शतके वापरात असलेल्या हजारो चर्च इंग्लंडात आज उभ्या आहेत, त्याचे एक मोठे कारण हेच होय.

गाव वाढले की चर्चही वाढे. लोक मावेनासे झाले म्हणजे नेव्हची बाजूची भिंत फोडून तिच्या जागी कमानींची रांग बसवीत आणि बाहेर एक अरुंद दालन जोडीत. हे दालन म्हणजे 'आइल'. आइलमुळे मधला भाग काळोखा झाला की, नेव्हच्या भिंती आइलच्या छपराहून उंच चढवून त्यांत वरच्या बाजूस खिडक्यांची ओळ ठेवीत. कोणी धनिकाने बाजूस छोटी उपासनाखोली बांधावी, कोणी मनोरा उंच करावा, असे पिढ्यानुपिढ्या चाले. त्यामुळे एकाच चर्चमध्ये तीनचार शतकांचे काम शेजारी शेजारी दिसते. भिंतीत जेथे सरळ उभी सांध दिसते, तेथे दोन काळ एकमेकांस भेटलेले असतात. चाणाक्ष निरीक्षक त्या सांधेवरून कोणते काम आधीचे आणि कोणते नंतरचे, हे सांगू शकतो.

याच निरीक्षणाला टॉमस रिकमन या अभ्यासकाने इ. स. १८१७ मध्ये शास्त्रीय रूप दिले. त्याने कमानी आणि खिडक्या यांच्या आकारावरून कालखंड पाडले, आणि त्याने दिलेली नावे आजही प्रचारात आहेत. इ. स. १०६६ मध्ये विल्यमने इंग्लंड जिंकले; तेव्हापासून बाराव्या शतकाच्या अखेरीपर्यंतची शैली ती 'नॉर्मन'. जाड भिंती, ठेंगणे गोल खांब आणि अर्धवर्तुळाकार कमानी या तिच्या खुणा. त्यानंतर सुमारे शंभर वर्षे 'अर्ली इंग्लिश' शैली चालली. तिच्यात टोकदार कमान आणि भाल्याच्या पात्यासारख्या उंच अरुंद खिडक्या आल्या. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात 'डेकोरेटेड' शैलीने खिडक्यांत दगडी वेलबुट्टीची जाळी फुलविली. इ. स. १३४८-४९ मध्ये प्लेगच्या भयंकर साथीने देश ओस पडला आणि पुष्कळ बांधकामे खंडित झाली. त्यानंतरच्या दोन शतकांत प्रचलित झालेली शैली 'पर्पेंडिक्युलर', म्हणजे लंबरेषांची. तिच्यात खिडक्या भिंतीएवढ्या रुंद झाल्या आणि त्यांतील दगडी पट्ट्या सरळ उभ्या गेल्या. सफक परगण्यातील लाँग मेलफर्ड आणि लॅव्हनम येथील चर्च या काळातील आहेत. लोकरीच्या कापडाच्या व्यापारात गबर झालेल्या व्यापाऱ्यांनी त्या बांधविल्या. लाँग मेलफर्डच्या बाहेरील भिंतीवर तर देणगीदारांची नावे दगडात कोरलेली आहेत. गावाच्या भरभराटीचा असा हिशेब भिंतीवरच वाचता येतो.

अर्धवर्तुळ जाऊन टोकदार कमान का आली, हे विद्यार्थ्यांनी स्वतः काढून पाहावे. कागदावर दहा अंगुळे लांबीची आडवी रेषा काढा. तिच्या मध्यबिंदूवर कंपास ठेवून अर्धवर्तुळ काढले तर कमानीची उंची पाच अंगुळे भरेल. तीत कमीजास्त करता येत नाही. आता रेषेच्या एका टोकावर कंपास ठेवून दहा अंगुळांच्या त्रिज्येने एक कंस काढा आणि तसाच दुसऱ्या टोकावरून दुसरा काढा. हे दोन कंस जेथे मिळतील तेथे टोकदार कमान पुरी होते. तिची उंची सुमारे ८.६६ अंगुळे भरेल. केंद्रबिंदू सरकविले तर ही उंची आणखी बदलता येते. म्हणजे रुंदी तीच ठेवून हवी तितकी उंची मिळते. दुसरा लाभ भाराचा. प्रत्येक कमान आपल्या पायांना बाहेर रेटीत असते. कमान जितकी उंच चढते तितका हा बाहेरचा रेटा कमी होऊन भार अधिक सरळ खाली उतरतो. उरलेला रेटा अडविण्यासाठी भिंतीस बाहेरून दगडी टेकू देतात, त्यास 'बट्रेस' म्हणतात. टेकूंनी भार उचलला की मधली भिंत पातळ करता येते आणि तीत मोठी खिडकी उघडता येते. चर्चची शोभा म्हणून जे डोळ्यांत भरते, ते मूळचे भाराचे गणित असते.

हे गणित पाहण्यास इंग्लंडला जाण्याचे कारण नाही. टोकदार कमान इस्लामी देशांतील कारागिरांना फार पूर्वीपासून अवगत होती. बिदरमधील महमूद गवानच्या मदरशात (इ. स. १४७२) ती मोठ्या दिमाखाने उभी आहे. याउलट जलसंगी किंवा बसवकल्याणजवळील नारायणपूर येथील चालुक्यकालीन देवळांत भार तोलण्यास कमान नाही. उभे खांब आणि त्यांवर आडव्या दगडी तुळया, अशी ती रचना आहे. दगडाची तुळई फार लांब असली तर मध्ये तडकते, म्हणून तेथे खांब जवळजवळ आणि पुष्कळ. जे साधन हाती असते त्याप्रमाणे अवकाश ठरतो.

कालाची तुलनाही उद्बोधक आहे. विल्यमने इंग्लंड जिंकल्यानंतर दहाच वर्षांनी, इ. स. १०७६ मध्ये, कल्याणच्या सिंहासनावर सहावा विक्रमादित्य आला आणि इ. स. ११२६ पर्यंत त्याने राज्य केले. जलसंगीच्या देवळाच्या बाह्य भिंतीवर एक शिलासुंदरी याच राजाच्या गौरवाचा लेख लिहीत असलेली कोरली आहे. हेरफर्ड परगण्यातील किल्पेक या खेड्याचे नॉर्मन चर्च इ. स. ११४० च्या सुमाराचे. त्याच्या छपराखालील दगडी टोकांवर कुत्रा, ससा आणि चित्रविचित्र मुखवटे कोरलेले आहेत. एकमेकांचे नावही ठाऊक नसलेले दोन देशांतील पाथरवट अशा प्रकारे एकाच शतकात, एकाच तन्मयतेने छिन्नी चालवीत होते.

या गावचर्चचा एक अवतार महाराष्ट्रातही पाहावयास मिळतो. मुंबईच्या कुलाब्यात संत योहानाचे चर्च आहे. लोक त्यास 'अफगाण चर्च' म्हणून ओळखतात. पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत इ. स. १८३८ ते १८४३ या काळात मृत्यू पावलेल्यांचे ते स्मारक. इ. स. १८४७ मध्ये त्याची कोनशिला बसली, इ. स. १८५८ मध्ये ते उपासनेस खुले झाले आणि इ. स. १८६५ मध्ये त्याचा स्टीपल पुरा झाला. त्याची उंची १९८ फूट. हेन्री कॉनिबेअर हा त्याचा रचनाकार. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या विहार तलावाची योजनाही याच अभियंत्याची. त्या काळी इंग्लंडात मध्ययुगीन गावचर्चच्या शैलीचे पुनरुज्जीवन जोरात होते. तीच 'अर्ली इंग्लिश' शैली, तोच नेव्ह, तेच आइल, तोच चॅन्सेल येथे समुद्रकाठी उतरला. फरशीच्या नक्षीदार लाद्या विल्यम बटरफील्डच्या रचनेच्या आणि खिडक्यांच्या रंगीत काचा विल्यम वेल्सच्या.

इमारत देखणी आहे, यात शंका नाही. तथापि तिच्यात आणि मूळ गावचर्चमध्ये एक मोठा फरक आहे. किल्पेक किंवा लाँग मेलफर्डचे चर्च गावकऱ्यांच्या गरजेतून उगवले. मुंबईचे चर्च नकाशावरून, एकाच आराखड्याने उभे राहिले. त्यात पडलेल्या अधिकाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. साध्या शिपायांची संख्या फार मोठी, म्हणून त्यांचा उल्लेख एकत्रितपणे केलेला आहे. हेही त्या काळाचे वाचनच होय. कोणाचे नाव दगडावर चढते आणि कोणाचे चढत नाही, हे इमारत न बोलता सांगते.

आता या अभ्यासातील सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळू. मध्ययुगीन चर्चच्या आतील भिंती आज आपणांस दिसतात तशा कोऱ्या नव्हत्या. त्या चित्रांनी भरलेल्या होत्या. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना धर्मकथा कळाव्यात हा एक हेतू. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या लाटेत, विशेषतः सहाव्या एडवर्डच्या कारकीर्दीत (इ. स. १५४७ ते १५५३), मूर्ती काढल्या गेल्या आणि चित्रांवर चुन्याची सफेती फिरली. चित्रे नष्ट झाली असे सर्वांना वाटले. परंतु सरे परगण्यातील चॅल्डन येथे इ. स. १८७० मध्ये सफेतीखालून इ. स. १२०० च्या सुमाराचे एक भव्य चित्र निघाले. त्यात एक उंच शिडी असून काही आत्मे तीवरून वर चढत आहेत आणि काही खाली कोसळत आहेत. आपल्या मोक्षपटाची आठवण व्हावी असे ते चित्र आहे. यॉर्क परगण्यातील पिकरिंग येथे इ. स. १८५२ मध्ये अशीच चित्रे उघडी पडली. पण तेथील धर्मोपदेशकाला ती पसंत न पडल्याने त्याने त्यांवर पुन्हा जाड सफेती मारविली. इ. स. १८७६ पासून पुढे ती पुन्हा उघडण्यात आली आणि आज ती पाहण्यास दुरून लोक येतात.

चुन्याने झाकले ते वाचले. खरवडले ते मात्र कायमचे गेले. एकोणिसाव्या शतकात जीर्णोद्धाराच्या उत्साहात इंग्लंडातील शेकडो चर्चचे जुने गिलावे खरवडून काढण्यात आले, झिजलेले कोरीव दगड बदलून नवे बसविण्यात आले. हेतू चांगला होता. परिणाम विपरीत झाला. याविरुद्ध विल्यम मॉरिस या कवी व कलावंताने इ. स. १८७७ मध्ये प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था स्थापिली. तिला 'खरवडविरोधी' असेच टोपणनाव पडले. तिचे म्हणणे साधे होते : जुनी इमारत नवी करू नका, तिची रोजच्या रोज निगा राखा, म्हणजे नवी करण्याची पाळीच येणार नाही.

आमच्या गोव्यातही याचा अनुभव आहे. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिका जांभ्या दगडात बांधलेली असून तिच्यावर चुन्याचा गिलावा होता. इ. स. १९५० च्या सुमारास तो काढून टाकण्यात आला. जांभा सच्छिद्र असतो. पावसाने तो झिजतो. त्यामुळे गिलावा पुन्हा करावा की न करावा, याविषयी आजही चर्चा चालू आहे. गिलावा ही केवळ शोभा नव्हती, ते दगडाचे वस्त्र होते. बिदरच्या पठारावरही हाच तांबडा जांभा आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

विद्यार्थी मित्रहो, आता आपल्याकडे पाहा. इ. स. १९५८ च्या कायद्याने देशातील महत्त्वाच्या प्राचीन वास्तूंना संरक्षण मिळाले आहे. परंतु खेड्यापाड्यांतील बहुसंख्य जुनी देवळे, मठ, दर्गे, बारवा आणि वेशी कोणत्याही यादीत नाहीत. त्यांचा वाली गावच. आणि गावाचे प्रेम कधी कधी त्यांच्या मुळावर येते. श्रद्धेने वर्गणी जमते. कोरीव खांबांवर ऑइल पेंटचे थर चढतात. चुन्याच्या सांध्यांत सिमेंट भरले जाते. जुनी फरशी उखडून चकचकीत लाद्या बसतात. भंगलेली शिल्पे उकिरड्यावर जातात. चुना भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो. ऑइल पेंट आणि सिमेंट ती आतच कोंडतात, आणि मग दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. ज्यांनी हे केले त्यांच्या भक्तीविषयी आम्हांस संशय नाही. त्यांना ती इमारत वाचता येत नव्हती, एवढेच. जे वाचता येत नाही ते रद्दी वाटते.

म्हणून आमची विनंती अशी आहे. सुट्टीत आपल्या गावातील सर्वांत जुन्या वास्तूपाशी वही, पेन्सिल आणि मोजपट्टी घेऊन जा. तिचे तोंड कोणत्या दिशेस आहे आणि का? भार कमानीवर आहे की तुळईवर? भिंतीत सांध कोठे दिसते आणि कोणता भाग मागाहून जोडलेला आहे? दगड जवळचा आहे की दुरून आणलेला? कोठे अक्षरे कोरलेली आहेत काय? लेख दिसल्यास तो खडूने किंवा रंगाने भरू नका. जसा आहे तसा त्याचा फोटो घ्या आणि शिक्षकांना दाखवा. एक साधा नकाशा काढून त्यावर तारीख घाला. गावात जीर्णोद्धाराची गोष्ट निघाली, तर हा नकाशा घेऊन वडीलधाऱ्या मंडळींसमोर नम्रपणे उभे राहा, आणि ऑइल पेंटऐवजी चुना, बदलण्याऐवजी डागडुजी, एवढेच मागणे मागा.

इंग्लंडातील गावकऱ्यांनी नेव्हचे छप्पर आपले मानले, म्हणून ते आठशे वर्षे टिकले. आपल्या गावातील जुने दगडही तितकेच आपले आहेत. त्यांची वाचणारी माणसे आता आपणांतूनच तयार झाली पाहिजेत.